दोन कार्बोरेटर, एक मूठ : आरडी 350 चं सिंक घरच्या घरी

गाडी सेंटर स्टँडवर घ्या, इंजिन गरम असू द्या, आयडलिंग चालू. आता मागे उकिडवे बसा आणि दोन्ही सायलेन्सरच्या मागे, वीतभर अंतरावर, दोन तळवे धरा. धुराचे ठोके दोन्ही तळव्यांवर सारख्याच जोरानं आपटायला हवेत. एका तळव्यावर नेमके ठोके आणि दुसऱ्यावर नुसती कोमट फुंकर लागत असेल, तर तुमची गाडी दोन सिलिंडरवर उभी आहे, पण चालते आहे दीड सिलिंडरवर.

हा लेख मुख्यतः राजदूत 350 साठी, म्हणजे आपण सगळे जिला आरडी म्हणतो तिच्यासाठी आहे. 1983 पासून एस्कॉर्ट्सनं यामाहाच्या मूळ गाडीवरून ती इथे बनवली. 347 सीसी, हवेवर थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन, दोन सिलिंडर आणि दोन स्वतंत्र मिकुनी कार्बोरेटर. आपल्या रस्त्यांवर दोन कार्बोरेटरची गाडी मुळातच कमी, त्यामुळे त्यांचं सिंक, म्हणजे मूठ पिळल्यावर दोन्ही कार्बोरेटर एकाच वेळी आणि सारखेच उघडतील असं जुळवणं, नीट येणारे हातही कमी. पण काम अवघड नाही. एक रविवार सकाळ, थोडी चिकाटी आणि घरातल्याच चार वस्तू पुरतात.

हे शिकण्याची वेळ माझ्यावर आली ती खंबाटकी घाटात. मुठीपासून कार्बोरेटरकडे जाणारी नवीन केबल टाकून आठवडा झाला होता. ज्या गॅरेजात टाकली तिथे कानानं ऐकून ‘ओके’ म्हणाले होते, मीही मान डोलावली होती. घाटाच्या निम्म्यावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी अचानक जड झाली, मागचं चाक कर्रकन घासलं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. डावा पिस्टन पकडला, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये जाम झाला होता. घरी आणून उघडलं तेव्हा दिसलं की डावी स्लाइड, म्हणजे मूठ पिळली की वर उठून कार्बोरेटरमधली हवेची वाट उघडणारी झडप, उजवीच्या बरीच आधी उठत होती, म्हणजे चढावर ओझं डाव्यावरच पडत होतं. त्यात इंजिनाला तेल पुरवणाऱ्या ऑइल पंपाची केबलही सैल. जास्त काम, कमी तेल. टू-स्ट्रोकमध्ये सिंक म्हणजे नुसती गाडी मऊ चालवण्याची हौस नव्हे, पिस्टन वाचवण्याचं काम आहे ते एवढ्यासाठीच.

व्हॅक्यूम गेज इथे का चालत नाही

चार कार्बोरेटरच्या फोर-स्ट्रोक गाड्यांचं सिंक व्हॅक्यूम गेजवर करतात. तेच पाहून आरडीवाल्यांनाही वाटतं, आपणही गेज घ्यावं. घेऊ नका. टू-स्ट्रोकमध्ये कार्बोरेटरची हवा आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीत जाते, मध्ये रीड व्हॉल्व्ह, म्हणजे पातळ पात्यांच्या झडपा, उघडझाप करत असतात, त्यामुळे तिथला दाब इतका धडधडतो की काट्यावरून काही ठरवता येत नाही. इथे मोजायची ती स्लाइडची उंची. दोन्ही स्लाइड आयडलला सारख्या उंचीवर बसल्या, मूठ पिळताच एकाच क्षणी उठल्या आणि पूर्ण पिळल्यावर दोन्ही तोंडातून पूर्ण बाहेर गेल्या, की सिंक झालं.

सिंक सगळ्यात शेवटी

बहुतेक जण चुकतात ते इथे. गाडी एका बाजूनं मिसिंग मारते म्हणून सरळ कार्बोरेटरच्या स्क्रूला हात घालतात. दोष दुसरीकडेच असेल तर तुम्ही एका दोषावर दुसरा चढवता, आणि मग कोणता कुठला ते कळत नाही.

आधी इग्निशन. आरडीला दोन पॉइंट, म्हणजे ठिणगी पाडणारे उघडझाप होणारे संपर्क, असतात, प्रत्येक सिलिंडरला एक. दोन्हींची गॅप 0.3 ते 0.4 मिमीच्या दरम्यान आणि दोन्हींचं टायमिंग वेगवेगळं तपासलेलं हवं. प्लग दोन्ही एकाच नंबरचे, शक्यतो नवे. मग कॉम्प्रेशन : गेज मिळाला तर मोजा. आकडा किती यापेक्षा दोन्ही बाजूंत फरक किती ते बघा. दहा टक्क्यांहून जास्त असेल तर सिंक पुढे ढकला, आधी पिस्टन-रिंग बघा.

त्यानंतर हवेची गळती. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधलं रबर चाळीस वर्षांत वाळून तडकतं. वरून ते धड दिसतं, अंगठ्यानं वाकवलं की भेग उघडते. दोन्ही कार्बोरेटर जोडणारी नळी असेल तर तिची टोकंही चाचपा. इथून शिरलेली फुकटची हवा त्या बाजूचं मिश्रण पातळ करते, आणि पातळ मिश्रणावर टू-स्ट्रोक तापतो.

कार्बोरेटर साफ आहेत, जेट दोन्हींत एकाच नंबरचे आहेत, सुईची क्लिप दोन्हीकडे एकाच खाचेत आहे, फ्लोटची उंची सारखी आहे, हे मी गृहीत धरतो. एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगतो. स्लाइड बाहेर काढून तिच्यावर कोरलेला कटअवेचा, म्हणजे तिच्या तळाच्या तिरक्या कापाचा, आकडा वाचा. जुन्या आरड्या एकमेकींच्या भागांवर जगल्या आहेत, त्यामुळे दोन बाजूंना दोन वेगळ्या आकड्यांच्या स्लाइड सापडणं अगदी शक्य आहे. तसं असेल तर जगातलं कुठलंही सिंक टिकणार नाही. स्लाइड परत घालताना कापलेला, उंच भाग एअर फिल्टरकडे हवा. आणि डावीची उजवीत घालू नका, प्रत्येक स्लाइड आपापल्या बोअरमध्ये घासून बसलेली असते.

काय काय लागेल

10 आणि 12 चा पाना, चपटा पेचकस, लहान टॉर्च, 3 मिमीचे दोन ड्रिल बिट (एकच दुकान, एकच मेक), जास्तीचा एक प्लग. आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून दोन गोष्टी : खराट्याचे दोन सरळ हीर आणि चिमूटभर मळलेली कणीक. हिरांचं काय करायचं ते पुढे येईलच.

पहिली पायरी : स्लाइड बसते कुठे

एअर फिल्टरचा डबा आणि त्याचे रबर काढून ठेवा, म्हणजे दोन्ही कार्बोरेटरची तोंडं मोकळी होतील. पेट्रोल कॉक बंद, इंजिन बंद.

आरडीत मुठीतून एकच केबल निघते. टाकीखाली एका जोडात तिच्या तीन होतात, दोन कार्बोरेटरकडे आणि एक ऑइल पंपाकडे. प्रत्येक कार्बोरेटरच्या टोपीवर रबरी टोपणाखाली केबलचा अ‍ॅडजस्टर आणि चेकनट असतो. चेकनट सोडून दोन्ही अ‍ॅडजस्टर पूर्ण आत फिरवा, केबल अगदी सैल पडू द्या. हे केलं नाही तर स्लाइड स्क्रूवर न टेकता केबलला लटकून राहते. तुम्ही स्क्रू फिरवत राहता आणि काहीच बदलत नाही.

आता टॉर्च मारून आत बघा. पितळी सुई खाली उतरलेली दिसेल आणि तिच्या भोवती स्लाइडची खालची कड. त्या कडेखाली ड्रिल बिटचं गुळगुळीत टोक, म्हणजे चकमध्ये धरायची बाजू, सरळ सारा. सुईला धक्का लावू नका, तिच्या शेजारून घाला. बिट आत जात नसेल तर त्या बाजूचा आयडल स्क्रू, म्हणजे मूठ सोडल्यावर स्लाइड ज्यावर टेकते तो, आत फिरवून स्लाइड उचला. सैल जात असेल तर स्क्रू बाहेर. बिट आत-बाहेर करताना अगदी हलकी ओढ लागली पाहिजे, शर्टाच्या खिशातून पेन काढताना लागते तेवढी. दुसऱ्या बाजूलाही दुसऱ्या बिटनं तेच. मग दोन्ही बिट एकाच वेळी दोन हातांनी हलवून बघा. बोटांना फरक लगेच कळतो, डोळ्यांपेक्षा लवकर.

तीन मिलिमीटर हा काही पवित्र आकडा नाही, तो फक्त सुरुवातीचा मुद्दा आहे. महत्त्व दोन्हीकडे सारखं असण्याला.

दुसरी पायरी : स्लाइड उठते केव्हा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मिलिमीटरभर फरक आयडलला आणि मूठ किंचित उघडी असताना फार मोठा असतो. एकूण वाटच तेव्हा तीन-चार मिलिमीटरची असते. पूर्ण उघड्या मुठीवर तेवढ्याच फरकाचं फारसं काही वाटत नाही. म्हणून गावात, रांगेत, दुसऱ्या गिअरवर धक्के देणारी गाडी हायवेवर बरी चालते, आणि लोक फसतात.

आधी दोन्ही अ‍ॅडजस्टर बाहेर काढत जा, इतके की केबलचं आवरण बोटांनी वर उचलल्यावर साधारण 1 मिमी खेळ उरेल. अ‍ॅडजस्टर बाहेर आला की खेळ कमी होतो आणि स्लाइड लवकर उठते. आत गेला की उशिरा.

आता हीर घ्या. प्रत्येकी 24 सेंमी लांबीचे, सारखे कापलेले. हिराचं बारीक टोक कार्बोरेटरच्या तोंडातून आत सारून स्लाइडच्या खालच्या कडेखाली टेकवा आणि हीर तोंडाच्या खालच्या ओठावर तोलून ठेवा. बाहेरच्या टोकाला कणकेची लहान गोळी चिकटवा म्हणजे बाहेरची बाजू जड राहील आणि आतलं टोक स्लाइडला खालून दाबून धरेल. ही एक साधी तरफ झाली, लहान मुलांच्या सी-सॉसारखी. आत 4 सेंमी आणि बाहेर 20 सेंमी असेल तर स्लाइड 1 मिमी उठली की बाहेरचं टोक 5 मिमी खाली जातं. डोळ्यांना न दिसणारा फरक आता भिंतीवरही दिसेल. दोन्ही हिरांच्या मागे पांढरा पुठ्ठा उभा करा आणि टोकांजवळ पेन्सिलीच्या खुणा करा.

मूठ अगदी सावकाश पिळा. कुणी मदतीला असेल तर मूठ त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही हिरांसमोर बसा. दोन्ही टोकं एकाच क्षणी हलली पाहिजेत. एक आधी हलत असेल तर तिचा अ‍ॅडजस्टर पाव फेरा आत घ्या, चेकनट हलक्या हातानं लावा, मूठ दोन-तीनदा पूर्ण पिळून सोडा, परत बघा. मूठ सोडल्यावर दोन्ही स्लाइड खाली बसल्याचा ‘टक्’ आवाजही एकच यायला हवा. दोन टकटक ऐकू आले तर अजून काम बाकी आहे.

चेकनट शेवटी घट्ट करताना अ‍ॅडजस्टर त्याच्याबरोबर किंचित फिरतो. म्हणून घट्ट केल्यानंतर पुन्हा एकदा हीर बघा. माझं निम्मं काम दर वेळी या शेवटच्या तपासणीत बिघडलेलं सापडतं.

नंतर हँडल डावीकडे टोकापर्यंत, मग उजवीकडे वळवा. हीर हलले तर केबल कुठेतरी ताणली जाते आहे. टाकीखालची तिची वाट सरळ करा. गल्लीत वळताना रेस आपोआप चढणारी गाडी म्हणजे हाच दोष.

तिसरी पायरी : पूर्ण उघडी मूठ

हीर काढा. मूठ शेवटपर्यंत पिळून धरा आणि करंगळी तोंडाच्या छतावरून आत फिरवा. स्लाइडची कड कुठेही बोटाला लागता कामा नये, दोन्हीकडे. एका बाजूला कड लागत असेल आणि खाली मात्र दोन्ही बरोबर उठत असतील, तर त्या बाजूची केबल ताणून लांबलेली आहे किंवा जोडात अडकते आहे. अ‍ॅडजस्टरनं हे सुटत नाही. दोन्ही खालच्या केबल जोडीनंच बदला. एक नवी आणि एक जुनी केबल कधीच सारखी वागत नाही.

ऑइल पंप

तिसरी केबल विसरू नका. कार्बोरेटरच्या केबल हलवल्या की पंपाची वेळही हलते. पंपाच्या पुलीवर एक खूण असते आणि शेजारी गाइड पिन. मॅन्युअलमध्ये मुठीची जी स्थिती सांगितली आहे त्या स्थितीत खूण पिनसमोर आली पाहिजे. आली नसेल तर पंपाच्या केबलच्या अ‍ॅडजस्टरनं आणा. शंका असेल तर पेट्रोलमध्ये पहिल्या टाकीपुरतं थोडं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं तेल, मिसळून चालवा. प्लग काळे होतील, पिस्टन राहील.

इंजिन चालू करून

एअर फिल्टर, डबा, रबर सगळं परत लावा. उघड्या तोंडानं केलेलं ट्यूनिंग डबा लावल्यावर खोटं ठरतं. दोन्ही एअर स्क्रू, म्हणजे आयडलच्या मिश्रणातली हवा ठरवणारे स्क्रू, हलक्या हातानं आत टेकवा आणि मॅन्युअलच्या आकड्याइतके, तो नसेल तर दीड-दीड फेरा, बाहेर काढा. चार-पाच किलोमीटर फिरून या. मग मोकळ्या जागेत, बंद शेडमध्ये अजिबात नको, गाडी उभी करून समोर टेबलफॅन लावा. हवेवर थंड होणारं इंजिन जागच्या जागी फार वेळ चालवू नये.

एका बाजूचा एअर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून आयडल सर्वांत वर जातो ती जागा शोधा, मग तिथून थोडासा, अष्टमांश फेरा, आत घ्या. या कार्बोरेटरमध्ये स्क्रू आत म्हणजे मिश्रण जाड, बाहेर म्हणजे पातळ, आणि टू-स्ट्रोकला किंचित जाड बरं. दुसऱ्या बाजूला तेच. रेस चढली असेल तर दोन्ही आयडल स्क्रू सारखेच, पाव-पाव फेऱ्यानं, बाहेर काढत 1300 आरपीएमच्या आसपास आणा. एकच स्क्रू फिरवण्याचा मोह टाळा. तो फिरवलात की ड्रिल बिटवर केलेली सगळी मेहनत गेली.

आता प्रत्येक सिलिंडरची एकट्याची परीक्षा. इंजिन बंद करून एका बाजूची प्लग कॅप काढा, तिच्यात जास्तीचा प्लग बसवा आणि तो सिलिंडर हेडच्या फिनला टेकवून बांधा. ठिणगीला अर्थिंगची वाट मिळाली नाही तर कॉइल जाते. मूठ किंचित धरून किक मारा आणि टॅकोमीटर बघा. दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, कारण न जळलेलं पेट्रोल आणि तेल त्या सायलेन्सरमध्ये साठत असतं. मग बाजू बदला. एकटा डावा आणि एकटा उजवा साधारण सारख्याच आकड्यावर तग धरत असतील तर काम झालं. परत मागे जाऊन तळवे धरा.

शेवटची साक्ष प्लगची. आठ-दहा किलोमीटर एका लयीत चालवून, चालत्या गाडीतच क्लच दाबून इंजिन बंद करा आणि बाजूला थांबून दोन्ही प्लग काढा. रंग कोणता यापेक्षा दोन्हींचा एकच आहे का ते बघा. नवीन केबल असेल तर पहिल्या 500 किलोमीटरनंतर हिरांची पायरी पुन्हा करा. केबल बसते, आणि दोन्ही सारख्या बसत नाहीत.

फोर-स्ट्रोक असेल तर

पुण्याच्या कायनेटिकनं ह्योसंगबरोबर आणलेली 250 ची कॉमेट, किंवा परदेशात असलेल्या आपल्या मंडळींकडच्या जुन्या जपानी गाड्या, यांना मात्र व्हॅक्यूमच लागतो. तोही घरी मोजता येतो. फिश टँकच्या दुकानात मिळणारी पारदर्शक हवेची नळी पाच मीटर घ्या, सोबत तिचे दोन लहान प्लॅस्टिकचे व्हॉल्व्ह. दीड मीटर उंच फळीवर नळी यू आकारात ठोका, खालच्या भागात दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर चढेल इतकं टू-टी ऑइल भरा, दोन्ही टोकांजवळ व्हॉल्व्ह बसवा. टोकं दोन्ही कार्बोरेटरच्या किंवा मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या नळीच्या) व्हॅक्यूम निपलला, म्हणजे तिथल्या बारीक तोटीला, जोडा.

तेल ज्या बाजूला चढतं तिथला व्हॅक्यूम जास्त, म्हणजे त्या बाजूची फुलपाखरी झडप जास्त बंद. दोन कार्बोरेटरमधला सिंक स्क्रू थोडा-थोडा फिरवून दोन्ही पातळ्या समोरासमोर आणा. प्रत्येक वेळी रेस देऊन सोडा, मग वाचा. तेल पाऱ्यापेक्षा खूप हलकं, म्हणून हे साधन फार हळवं आहे. कावासाकीच्या बऱ्याच मॅन्युअलमध्ये 2 सेंमी पाऱ्याइतका फरक चालतो. तेलात तोच 30 सेंमीच्या वर दिसतो. दोन-तीन सेंमीवर आणलंत की थांबा. पारा मात्र घरात आणू नका, तो विषारी आहे.

इंजिन सुरू करताना दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवा, मग एकदम सावकाश, दोन्ही बरोबरीनं उघडा. एकच टोक जोडलेलं असेल किंवा दुसरं निसटलं, तर आयडलचा व्हॅक्यूम तेलाला तीन-चार मीटर उचलू शकतो आणि तुमची फळी दीड मीटरचीच आहे. सगळं तेल इंजिनात जाईल. खात्रीसाठी शेवटी टोकांची अदलाबदल करून पुन्हा वाचा. तेल तेव्हा उलट्या बाजूला चढलं तर फरक कार्बोरेटरचा. त्याच बाजूला राहिलं तर फरक तुमच्या नळीचा.

काम झालं की दोन्ही निपलची रबरी टोपणं परत लावा आणि जुनी कडक झालेली असतील तर नवी घाला. एक उघडं राहिलं की तिथून हवा शिरते आणि दुसऱ्याच दिवशी गाडी पुन्हा एका बाजूनं ओढायला लागते.